लँथॅनम फॉस्फेट भट्टीत ‘तुटतंय’? भट्टीला दोष देण्याआधी हे तपासा

पुण्यातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात गेली चौदा वर्षं मी मफल भट्ट्या (नमुने भाजायच्या विजेच्या बंद भट्ट्या) आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारं यंत्र) सांभाळते. दर सेमिस्टरला कुणीतरी तीच तक्रार घेऊन दारात उभं असतं: “मॅडम, लँथॅनम फॉस्फेट भट्टीत तुटतंय.” कधी लँथॅनमच्या जागी सेरियम असतं, कधी गॅडोलिनियम, कधी यिट्रियम, सगळी रेअर अर्थ कुटुंबातली मूलद्रव्यं. पावसाळ्यात अशी मुलं जास्त येतात, आणि त्यालाही कारण आहे. ते सगळं इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या कुणाचे दोन महिने वाचतील.

लक्षणं

यातलं एक किंवा अनेक तुमच्याकडे दिसत असेल तर पुढे वाचा.

६०० किंवा ७०० अंश सेल्सिअसला भाजूनही एक्सआरडीच्या ग्राफवर १४.५ अंश टू-थीटाच्या (क्ष-किरण वळण्याच्या कोनाच्या) आसपास एक पीक, म्हणजे शिखर, उरतं. मोनाझाइटला, म्हणजे लँथॅनम फॉस्फेटच्या आपल्याला हव्या असलेल्या स्फटिकरचनेला, तिथे काहीच नसतं.

१००० अंशांच्या पावडरीत मोनाझाइटची सगळी पीक्स नीट जुळतात, पण मधूनमधून बारीक, अनोळखी पीक्स डोकावतात. ७०० ला ती नव्हती. १३५० ला पुन्हा दिसेनाशी होतात.

टीजीएत (तापवत असताना वजन मोजत जाणाऱ्या चाचणीत) २५० अंशांपर्यंत वजन घटतं, मग रेघ सपाट चालते आणि १२०० च्या पुढे परत खाली वाकते. “तुटतंय”, म्हणजे संयुगाचं विघटन होतंय, हा शब्द मुलं इथे वापरतात.

पेलेट (पावडर दाबून केलेली चकती) १४०० ला ठेवली तर कडांना काचेसारखी चमक येते, ती खालच्या अ‍ॅल्युमिनाच्या प्लेटला चिकटते, किंवा फुगून तडकते. सूक्ष्मदर्शकाखाली काही कण शेजाऱ्यांच्या दहापट मोठे झालेले दिसतात.

वाळवून बाटलीत ठेवलेली पावडर आठवड्याने तोलली तर वजन वाढलेलं असतं.

बिघाड कशाला म्हणायचं

शुद्ध लँथॅनम फॉस्फेटचा द्रवणांक सुमारे २०७० अंश सेल्सिअस आहे. हवेत १४०० ला ते विघटित होत नाही. निसर्गातलं मोनाझाइट पोटात थोरियम बाळगून कोट्यवधी वर्षं स्वतःच्या किरणोत्साराचा मारा खातं आणि तरी त्याची स्फटिकरचना शाबूत सापडते. अणुकचरा बंदिस्त करायला या रचनेचा विचार होतो तो याच गुणामुळे. म्हणून तुमच्या टीजीएत १२०० नंतर काही उडत असेल, तर ते लँथॅनम फॉस्फेट नाही. त्याच्यासोबत आलेलं दुसरं काहीतरी आहे, आणि ते जवळजवळ नेहमी जास्तीचं फॉस्फरस असतं. पुढचा सगळा तपास या एका वाक्यावर उभा आहे.

आता रचनांबद्दल थोडं, कारण अर्धे ‘बिघाड’ हे बिघाड नसतातच. रेअर अर्थ मालिकेत डावीकडून उजवीकडे जाताना आयन लहान होत जातो. नऊ ऑक्सिजनांच्या घरात लँथॅनमची त्रिज्या १.२१६ अँगस्ट्रॉम, गॅडोलिनियमची १.१०७. मोठा आयन नऊ ऑक्सिजन सहज धरून बसतो. म्हणून लँथॅनम ते गॅडोलिनियम मोनाझाइट होतात, म्हणजे मोनोक्लिनिक. त्यापलीकडे आयनाला नऊ शेजारी पेलत नाहीत, तो आठांवर येतो आणि रचना झेनोटाइमची, म्हणजे झिरकॉनसारखी टेट्रॅगोनल होते. यिट्रियम आणि स्कँडियमही त्याच गटात. टर्बियम ऐन सीमेवर आहे. बनवण्याच्या पद्धतीप्रमाणे ते दोन्हींकडे झुकतं, आणि सीमेवरच्या संयुगांना खलात जोर लावून घोटलं किंवा प्रेसमध्ये दाबलं तरी रचना बदलू शकते. टर्बियममध्ये दोन फेज (दोन वेगळ्या स्फटिकरचना) दिसल्या तर आधी हात हलका करून पाहा.

पाण्यातून अवक्षेप काढला असेल तर सुरुवातीला यातली कुठलीच रचना मिळत नाही. लँथॅनमपासून डिस्प्रोशियमपर्यंत बहुधा रॅब्डोफेन मिळतं. स्फटिकरचनांच्या अभ्यासक रोझ मूनी यांनी १९४८ आणि १९५० साली त्याची रचना षट्कोनी म्हणून मांडली. पुढे २०१४ मध्ये ती खरं तर मोनोक्लिनिक असल्याचं आणि प्रत्येक फॉस्फेटमागे दोन-तृतीयांश रेणू पाणी असल्याचं दाखवलं गेलं. जुन्या पुस्तकांत अर्धा रेणू लिहिलेला असतो, त्यामुळे टीजीएचं गणित करताना मुलं गोंधळतात. त्या रचनेत बोगद्यांसारख्या पोकळ्या आहेत आणि पाणी त्यांत बसतं. २०० ते २५० अंशांपर्यंत ते निघून जातं, बोगदे रिकामे राहतात, आणि थंड झाल्यावर हवेतलं पाणी परत आत शिरतं. शेवटचं लक्षण, वाढलेलं वजन, यातून येतं. हा दोष नव्हे. पावडर अजून मोनाझाइट झालेली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

रॅब्डोफेनचं मोनाझाइट व्हायला लँथॅनमला साधारण ६०० ते ७०० अंश लागतात, आणि आयन लहान होत जाईल तसं हे तापमान वर सरकतं. गॅडोलिनियमला ७०० वर दोन तास देऊन १४.५ चं पीक गेलं नाही म्हणून रडू नका. ९०० ते १००० ला चार तास द्या. एकदा झालेलं मोनाझाइट परत रॅब्डोफेन होत नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

आधी पावडर खिडकीशी नेऊन उजेडात बघा. प्रॅसिओडिमियमचं फॉस्फेट फिकट हिरवं असतं, निओडिमियमचं जांभळट, एर्बियमचं गुलाबी, लँथॅनमचं आणि टर्बियमचं पांढरं. प्रॅसिओडिमियमचा ऑक्साइड काळा आणि टर्बियमचा गडद तपकिरी असतो. म्हणून भाजलेल्या पावडरीत करडी किंवा मातकट झाक दिसली, तर ऑक्साइड पुरता विरघळला नव्हता किंवा त्याची पुरती प्रक्रिया झाली नाही. निओडिमियमचा रंग ट्यूबलाइटखाली निळसर-राखाडी दिसतो. रंग दिवसाच्या उजेडातच ठरवा.

दुसरी तपासणी ग्राफची. सगळी पीक्स एकाच बाजूला थोडी सरकलेली असतील तर होल्डरमध्ये पावडर पृष्ठभागाच्या वर किंवा खाली बसली आहे. एकटंदुकटं पीक वेगळं असेल तरच परकी फेज समजा. खात्रीसाठी चिमूटभर सिलिकॉन मिसळतात, कारण त्याच्या पीक्सच्या जागा पक्क्या माहीत असतात, पण सिलिकॉनचं पहिलं पीक २८.४४ ला येतं आणि लँथॅनम मोनाझाइटचं सगळ्यात मोठं पीक २८.६ च्या आसपास. दोन्ही एकमेकांवर चढतात. सिलिकॉनची ४७.३० आणि ५६.१२ ची पीक्स धरा. सॅमेरियमपासून डिस्प्रोशियमपर्यंतच्या नमुन्यांत तांब्याच्या क्ष-किरण नळीखाली बॅकग्राउंड खूप वर येतं. ती मूलद्रव्यं स्वतःच क्ष-किरणं सोडू लागतात म्हणून असं होतं. तिथे बारीक पीक शोधायचं असेल तर मोजणीचा वेळ वाढवा.

सेरियमवाल्यांसाठी वेगळी सूचना. सेरियम ऑक्साइडचं मुख्य पीक २८.५ ला आहे, म्हणजे मोनाझाइटच्या गर्दीत ते सहज लपतं. ३३.१ ला बघा. तिथे मोनाझाइटचं मोठं पीक नाही. तिथे काही उभं असेल तर ऑक्साइड उरलाय. सेरियम फॉस्फेटमधलं सेरियम हवेत तापवूनही तीन-संयुजीच राहतं, म्हणून “हवेत भाजलं, त्यामुळे ऑक्साइड झाला” हे कारण सहसा खरं नसतं. ऑक्साइड सुरुवातीपासूनच उरलेला असतो, किंवा फॉस्फेट कमी पडलेलं असतं.

बाटली तपासा: खरा चोर बहुतेक इथेच सापडतो

सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या. माझ्याकडे आलेल्या तक्रारींचा मोठा हिस्सा इथेच सुटलाय.

लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अधाशासारखा ओढतो. बाटलीवर ‘९९.९ टक्के’ लिहिलेलं असतं ते ती सील असतानाचं. सील फुटल्यावर, आणि त्यातून पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत, तो ऑक्साइड राहत नाही, हायड्रॉक्साइड होतो. डोळ्यांना फरक कळत नाही. तीच पांढरी, हलकी पावडर, चमच्यावरून तशीच सरकणारी. पूर्ण हायड्रॉक्साइड झाला तर वजन १६.६ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे ५ ग्रॅम ऑक्साइड समजून तुम्ही जे तोलता, त्यात ऑक्साइड ४.२९ ग्रॅमच असतो.

एका आषाढात एक विद्यार्थिनी आली. दोन महिने तिची लँथॅनम फॉस्फेटची पेलेट प्लेटला चिकटत होती. तिने भट्टी बदलली, प्रेसचा दाब बदलला, गाईडच्या सांगण्यावरून तापण्याचा वेग कमी केला. मी म्हटलं, “ऑक्साइडची बाटली घेऊन ये गं.” बाटली खिडकीजवळच्या फळीवर होती, अर्धी संपलेली, झाकण बोटाने लावल्यासारखं. आम्ही रिकामी क्रुसिबल (भट्टीत ठेवायची वाटी) तापवून, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करून तोलली. तिच्यात २.००० ग्रॅम पावडर घातली आणि १००० अंशांना तीन तास ठेवली. डेसिकेटरमध्ये थंड करून, झाकण उघडल्या उघडल्या पुन्हा तोलली: १.७२२ ग्रॅम. ती आकड्याकडे बघत राहिली. मग वही काढून तिथेच उभ्याने गणित करायला लागली.

गणित असं. तिने लँथॅनम आणि फॉस्फरस एकास एक समजून घेतलं होतं. प्रत्यक्षात एका लँथॅनममागे १.१६ फॉस्फरस पडत होतं. जास्तीचं फॉस्फरस भट्टीत मोकळं बसत नाही, ते लँथॅनमला धरून मेटाफॉस्फेट बनवतं. त्यात एका लँथॅनममागे तीन फॉस्फरस असतात. हिशेब मांडला तर शंभरातले आठ लँथॅनम त्यात अडकले होते. हेच ते १००० अंशांचं अनोळखी पीक. हे मेटाफॉस्फेट १२०० च्या पुढे टिकत नाही. त्यातून द्रव सुटतो आणि फॉस्फरस ऑक्साइड उडून जातो. द्रव सुटला की पेलेट प्लेटला चिकटते, द्रवातून काही कण भरभर वाढतात, आणि उडणारा वायू बंद होत चाललेल्या छिद्रांत अडकून पेलेट फुगवतो. शेवटी उरतं शुद्ध मोनाझाइट, म्हणून १३५० ला पीक गायब. आठ टक्के मेटाफॉस्फेटमधून एवढं फॉस्फरस गेलं तर वजन साधारण पावणेपाच टक्के घटायला हवं, आणि तिच्या टीजीएतली घट त्याच्या अगदी जवळ होती. एका बाटलीच्या झाकणाने तिची सगळी लक्षणं दाखवली होती.

इथे एक सापळा आहे. रॅब्डोफेनचं पाणी गेलं की वजन ४.९ टक्क्यांनी घटतं. म्हणजे दोन्ही घटी दिसायला सारख्याच आहेत. फरक फक्त तापमानाचा: एक २५० च्या आत, दुसरी १२०० च्या पुढे. नुसतं ‘पाच टक्के घट’ एवढंच वहीत लिहू नका.

उपाय सोपा. ऑक्साइड तोलायच्या आदल्या रात्री १००० ला भाजा, डेसिकेटरमध्ये गार करा, त्याच दिवशी वापरा. नायट्रेट वापरत असाल तर ‘सहा रेणू पाणी’ या लेबलावर विश्वास ठेवू नका. ते पावसात ओलं होतं आणि उन्हाळ्यात पाणी सोडतं. थोडं भाजून ऑक्साइड किती उरतो ते काढा आणि त्यावरून मोजा.

फॉस्फेटची बाटलीही हुंगून पाहा, लांबूनच, हाताने वास ओढून. डायअमोनियम फॉस्फेटला अमोनियाचा वास येत असेल तर ते हळूहळू मोनोअमोनियम फॉस्फेट होतंय. अमोनिया गेला की तेवढ्याच वजनात फॉस्फरस जास्त भरतं. इथेही चूक त्याच दिशेला जाते. मी मुलांना सरळ मोनोअमोनियम फॉस्फेट वापरायला सांगते, ते टिकाऊ आहे.

धुणं आणि तापवणं

अवक्षेप पद्धतीत वजनं बिनचूक असली तरी जास्तीचं फॉस्फॉरिक आम्ल बारीक कणांना चिकटून राहतं आणि पुढे तेच मेटाफॉस्फेट घडवतं. “पाच वेळा धुतलं” याला अर्थ नाही. शेवटच्या धुवणातलं थोडं पाणी परीक्षानळीत घ्या, नायट्रिक आम्ल घाला, अमोनियम मॉलिब्डेट घाला, कोमट करा. पिवळं आलं तर अजून धुवा. गरम पाण्याने धुतलं तर लवकर सुटतं. थोडं आम्ल तरीही पृष्ठभागावर राहतंच, म्हणून दाट पेलेट हवी असणाऱ्यांनी पावडर आधी १३५० च्या आसपास भाजून, पुन्हा दळून मगच दाबावी. उलट, द्रावणाचा सामू वर गेला असेल तर लँथॅनम हायड्रॉक्साइडही सोबत खाली बसतो आणि फॉस्फरस कमी पडतं.

नायट्रेट आणि अमोनियम फॉस्फेट वापरलं असेल तर न धुतलेल्या अवक्षेपात अमोनियम नायट्रेट असतं. तसला गाळ सुकवून थेट भट्टीत सारू नका. स्फोटाचा धोका पत्करण्यासारखा नाही.

ऑक्साइड आणि मोनोअमोनियम फॉस्फेट कोरडं मिसळून भाजत असाल तर २०० अंशांच्या सुमाराला मिश्रण वितळून फेसाळतं आणि क्रुसिबलबाहेर चढतं. झाकणाच्या आतल्या बाजूला काचेसारखा पातळ थर दिसला तर तुमचं फॉस्फरस तिथे आहे, पावडरीत नाही. क्रुसिबल एक-तृतीयांशच भरा, २०० ते २५० मध्ये दोन तास आणि ४५० ला दोन तास थांबा, गार करून घोटा, मग वर जा.

भट्टी खरंच किती तापते

बाटली आणि धुणं निर्दोष निघालं तरच भट्टीकडे वळा. रॅब्डोफेन जात नसेल तर ही तपासणी महत्त्वाची, कारण डिस्प्लेवर १००० असताना नमुन्याच्या जागी ९३० असू शकतात. थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचं) टोक मागच्या भिंतीत, आणि तुमची क्रुसिबल दाराशी!

स्वस्त उपाय मिठाचा. शुद्ध सोडियम क्लोराइड ८०१ अंशांना वितळतं. प्रयोगशाळेतलंच घ्या, स्वयंपाकाचं नको, त्यात इतर घटक असतात. बारीक करून ओव्हनमध्ये वाळवा, नाहीतर तडतडून उडतं. चार-पाच दाणे छोट्या अ‍ॅल्युमिना क्रुसिबलमध्ये घालून नमुन्याच्या नेमक्या जागी ठेवा. ७९० ला वीस मिनिटं ठेवून गार करा आणि भिंगाने बघा: दाण्यांच्या कडा धारदार हव्यात. मग ८१० ला तसंच करा: आता गुळगुळीत थेंब दिसायला हवा. ८१० ला कडा तशाच असतील तर भट्टी सांगते त्यापेक्षा कमी तापतेय. ७९० लाच थेंब झाला तर जास्त. मीठ चिमूटभरच घ्या आणि ८२० च्या वर नेऊ नका, त्याची वाफ हीटिंग एलिमेंटला चांगली नव्हे.

आणखी एक पुणेरी तपासणी: वेळापत्रक. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी. बुधवारी रात्री लावलेला बारा तासांचा प्रोग्रॅम गुरुवारी सकाळी अर्ध्यात तुटतो, वीज आल्यावर काही कंट्रोलर पहिल्या पायरीपासून सुरू होतात, काही बंदच राहतात. कंट्रोलर काय करतो ते एकदा मुद्दाम तपासून घ्या. लांबचे प्रोग्रॅम शुक्रवारी लावा.

क्रुसिबल

पोर्सेलिनच्या चमकदार थराला गरम फॉस्फेट खातं, ते १००० च्या वर वापरू नका. अ‍ॅल्युमिना चालतं, पण एका अटीवर. एकास एक प्रमाणातलं लँथॅनम फॉस्फेट आणि अ‍ॅल्युमिना एकमेकांशी प्रक्रिया करत नाहीत. संशोधक मॉर्गन आणि मार्शल यांनी १९९५ मध्ये या जोडीची सिरॅमिक कंपोझिट्स मांडली ती याच गुणावर. फॉस्फरस जास्त असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट बनतं, लँथॅनम जास्त असेल तर लँथॅनम अ‍ॅल्युमिनेट. म्हणजे पेलेट प्लेटला चिकटली तर प्लेट दोषी नाही, पुन्हा बाटलीकडे जा.

प्लॅटिनमच्या क्रुसिबलबद्दल हात जोडून सांगते. फॉस्फेटचा अवक्षेप फिल्टर पेपरसकट तिच्यात कधीच जाळू नका. कागदाच्या कार्बनने फॉस्फेटचं फॉस्फरस होतं आणि ते प्लॅटिनममध्ये शिरतं. त्या मिश्रणाचा भाग ५८८ अंशांनाच वितळतो. क्रुसिबलच्या तळाला भोक पडतं आणि विभागाचं मोठं नुकसान होतं.

थोडा खर्च असलेल्या तपासण्या

इन्फ्रारेड बहुतेक कॉलेजांत आहे. साध्या, सुट्या फॉस्फेटचे (ऑर्थोफॉस्फेटचे) मुख्य पट्टे ११०० च्या आसपास संपतात (हे आकडे तापमानाचे नव्हेत, प्रति सेंटिमीटर तरंगसंख्येचे आहेत). १२०० ते १३०० मध्ये पट्टा दिसला तर फॉस्फेटची साखळी जुळली आहे, म्हणजे मेटाफॉस्फेट. एक्सआरडीत न दिसणारं थोडं मेटाफॉस्फेटही इथे पकडता येतं, म्हणून मला ही तपासणी फार उपयोगी वाटते. रामनमध्ये (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाने केलेल्या अशाच चाचणीत) लँथॅनम मोनाझाइटचं मुख्य पीक ९६७ ला, यिट्रियम झेनोटाइमचं १००० च्या आसपास.

टीजीए करायचीच असेल तर १४०० पर्यंत जाणारी करा. १००० ला थांबणाऱ्या टीजीएत हा रोग दिसतच नाही. यिट्रियमचा नमुना ३०० च्या आत १६ टक्क्यांच्या आसपास वजन गमावत असेल तर घाबरू नका. ते चर्चाइट आहे, दोन रेणू पाण्याचं, आणि तापवल्यावर झेनोटाइमच होतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

भट्टीचं थर्मोकपल स्वतः बदलू नका. कंट्रोलरला ‘के’ प्रकार सांगितला आणि आत ‘एस’ प्रकार बसवला, तर खरे १००० अंश असताना डिस्प्लेवर २५० च्या आसपासच दिसतात आणि भट्टी वेड्यासारखी तापत राहते. मिठाच्या चाचणीत वीस अंशांहून जास्त फरक आला, एलिमेंट एका बाजूलाच लाल दिसलं, स्पर्शाला झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करा आणि भट्टी दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. तपकीर गल्लीतून आणलेल्या मल्टिमीटरने मागचं पॅनेल उघडून बघायचा मोह होतो. तो टाळा. तिथे थेट मेन लाइन असते.

फॉस्फरस मुद्दाम जास्त घालून १२०० च्या वर जायचं असेल तर धुराड्याची नीट सोय असलेल्या भट्टीतच जा. फॉस्फरस ऑक्साइडची वाफ फुप्फुसांना घातक आहे आणि ती भट्टीचं अस्तरही खाते.

वाळूतलं नैसर्गिक मोनाझाइट कुणी केरळच्या किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरून आणून दिलं तर ते दळू नका, भाजू नका, आम्लात घालू नका. भारतीय मोनाझाइटमध्ये थोरियम भरपूर असतं आणि अणुऊर्जा कायद्याखाली ते नियंत्रित पदार्थांत मोडतं. विभागप्रमुखांना आणि संस्थेच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला लगेच कळवा. तसा अधिकारी नसेल तर ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाताळायचंच नाही.

आणि ऑक्साइड भाजून घेतलाय, मॉलिब्डेट चाचणी स्वच्छ आहे, मीठ ८०१ ला वितळतंय, इन्फ्रारेडमध्ये १२०० च्या वर काही नाही, तरीही अनोळखी पीक उभंच असेल, तर घरगुती तपास थांबवा. आता हे स्ट्रक्चर रिफाइनमेंट (एक्सआरडीच्या ग्राफशी रचना बारकाईने जुळवून पाहणं) करणाऱ्या माणसाचं काम आहे. पाषाण आणि गणेशखिंड परिसरातल्या मोठ्या संस्थांत उच्च तापमानाचं एक्सआरडी आणि आयसीपी (द्रावणातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणारी चाचणी) अशा सोयी असतात. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी नियम, शुल्क आणि वेळ आधी विचारून घ्या. आयसीपीला देताना ‘फॉस्फरस आणि लँथॅनम दोन्ही, एकाच द्रावणातून’ असं स्पष्ट लिहा. आपल्याला हवं आहे ते दोघांचं गुणोत्तर. भाजलेलं मोनाझाइट साध्या आम्लात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून ६०० च्या आधीची, न भाजलेली पावडरही सोबत द्या. पाकिटावर नमुना कुठल्या तापमानाला, किती तास आणि कुठल्या क्रुसिबलमध्ये भाजला ते लिहा. ऑक्साइड भाजण्याआधीचं आणि नंतरचं वजनही त्याच पाकिटावर लिहा.